साहेबांच्या नावाची हजेरी

"परत बोल. तसंच बोल. काल बोललास तसं."

साहेबांनी मोबाईल टेबलावर ठेवला होता, आवाज पूर्ण चढवून. वाशीचं ऑफिस, मसाला मार्केटच्या मागचं. मिरचीचा ठसका तिथे बारा महिने. अकाउंटच्या मॅडम, दोन सुपरवायझर आणि चहा घेऊन आलेला अण्णा, सगळे उभे. मोबाईलमधून माझा आवाज येत होता.

"सर, एक शंका व्हती."

सगळे हसले. मी हिंगोलीकडचा. माझ्या तोंडात 'व्हती'च येतं.

साहेबांनी ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

"नववी नापास माणसाला शंका आली," ते म्हणाले. "आणि ती पण माझ्या नावानं!"

अण्णा हसला नाही. कप ठेवून निघून गेला. ऑफिसवाल्यांना काचेचे कप, आम्हा कामगारांना कागदी.

साहेब म्हणजे आमच्या मालकांचा मुलगा. इंजिनिअर. मालकांचं वायरिंगचं कॉन्ट्रॅक्ट, नवी मुंबईभर बिल्डिंगी. साहेबांना बाहेरच्या देशात जायचं होतं. तिथे इंजिनिअर म्हणून सही करायची तर परवान्याची परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी त्यांनी ऑनलाइन कोर्स लावला होता. पण त्या कोर्सची एक गंमत होती. शिकवणं चालू असताना मधेच स्क्रीनवर चौकोन यायचा. 'आपण आहात का?' बटण दाबलं नाही तर हजेरी कापली जायची. हजेरी भरली नाही तर सराव परीक्षा उघडायची नाही.

साहेबांना बसायला वेळ कुठे? त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "तू बस. चौकोन आला की दाब."

मी बसलो. आनंदानं बसलो, हे लपवत नाही. गावाहून आलो तेव्हा मला कोणी ओळखत नव्हतं. मालकांनी काम दिलं. तापानं फणफणलो तेव्हा ऑफिसमागच्या खोलीत झोपू दिलं. त्यांच्या घरातला माणूस काही सांगतोय, तर नाही कसं म्हणायचं? शिवाय साहेबांनी शब्द दिला होता. मला वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेला बसायचं होतं. त्याला अनुभवाचा दाखला लागतो आणि दाखल्यावर सही साहेबांची. "माझं होऊ दे, मग तुझं करतो," ते म्हणाले होते.

शिकवणारे सर पुण्याचे. सुरुवात इंग्रजीत करायचे, समजावायला लागले की मराठीवर यायचे. पुष्कळसं माझ्या डोक्यावरून जायचं. पण अर्थिंग आलं आणि मी सावरून बसलो. खड्डे मी खणलेत. मीठ आणि कोळसा मी भरलाय. सर म्हणाले, जमीन कोरडी असेल तर मीठ घालतात. मला वाटलं, इथे खाडीकाठची जमीन आधीच खारट. पूर्वी मिठागरंच होती. मग इथेही मीठ घालायचं का?

विचारावंसं वाटलं. माईकचं चिन्ह दिसत होतं. दाबलं.

सर थांबले. "चांगला प्रश्न आहे, साहेब," म्हणाले. "पण खारट आहे म्हणून गृहीत धरू नका. मोजा. मोजल्याशिवाय काही खरं मानायचं नाही."

चांगला प्रश्न. मला आयुष्यात हे कोणी म्हटलं नव्हतं. तेव्हाही म्हटलं नाहीच. स्क्रीनवर नाव साहेबांचं होतं. त्यांच्या आडनावापुढे कोणी काही विचारत नाही. माझं आडनाव सांगितलं की लोक गाव विचारतात, गाव सांगितलं की गावात कुठल्या बाजूला राहता ते विचारतात.

त्याच वर्गात साहेबांचा एक मित्र होता. त्यानं रेकॉर्डिंग पाठवलं. खाली लिहिलं, 'तुझा आवाज कधीपासून गावठी झाला?' म्हणून ती सगळी करमणूक.

मी नापास नव्हतो. आई आजारी पडली आणि नववीत शाळा सुटली. नापास व्हायलासुद्धा परीक्षेला बसावं लागतं. मला तेवढंही बसता आलं नाही. हे मी त्या दिवशी बोललो नाही. मान खाली घातली आणि "चुकलं, साहेब" म्हणालो. खरंच म्हणालो. मालकांचे उपकार आठवत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी परत मोबाईल पुढे केला. काही झालंच नाही अशा थाटात.

"चल, बस. हजेरी कमी पडतेय. आणि तोंड बंद ठेव. बोट चालव फक्त."

बोट फक्त. मी हात पुढे केला होता, सवयीनं. मोबाईल गरम होता. चौकोन आला. 'आपण आहात का?'

मी दाबलं नाही. चौकोन गेला.

"अरे, दाब ना! झोपलास काय?"

"मी नाही बसणार, साहेब."

"काय?"

"तुमच्या नावावर नाही बसणार."

त्यांना आधी हसू आलं, मग ते थांबलं. "आणि दाखल्यावर सही कोण करणार? तुझा बाप?"

"माझा बाप अंगठा लावतो," मी म्हणालो.

मोबाईल टेबलावर ठेवला. शौर्य वगैरे काही नव्हतं त्यात. खाली जाऊन रोजच्यासारखी वायरची बंडलं उचलायला लागलो.

सही मिळाली नाही. मालकांकडे गेलो तर ते म्हणाले, "पोराला दुखावलंस. त्याची माफी माग, मग बघू." त्यांचा आवाज प्रेमळ होता. त्याचाच जास्त त्रास झाला. मला खारघरच्या टॉवरवर पाठवलं, पाईपात वायरी ओढायला. अर्जाची मुदत गेली. दुसऱ्या दोन कॉन्ट्रॅक्टरांकडे गेलो, तर साहेबांचा फोन आधीच पोचलेला. घरी अजून सांगितलेलं नाही. आई दर फोनला विचारते, "झालास का रं पास?" मी म्हणतो, "चालू हाय."

मी खाडीकाठच्या दिवाळे गावात राहतो, एका कोळणीच्या खोलीत. मावशी म्हणतो तिला. ती काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती, मी शेजारी जुनं गाईड घेऊन बसलो होतो.

"सही नाय, अर्ज नाय," मावशी म्हणाली. "मंग वाचतंस कनाला?"

"परीक्षेला बसायला."

"कोन बसू देनार तुला?"

"कोणीच नाही बहुतेक."

"येरा हाईस," ती म्हणाली आणि पुढच्या काठीकडे वळली.

असेन वेडा. मोजून बघितलंय मी. सही देणारा कोणी दिसत नाही, पुढच्या वर्षीही दिसेल असं वाटत नाही. पण माफी मागायला मी वाशीला जाणार नाही. जे उपकार झाले ते कामानं फेडीन, हजेरीनं नाही. दुसऱ्याच्या नावापुढे 'आहे' म्हणायला हे बोट आता उठणार नाही.

बसेन तर माझ्या नावानं. नापास झालो तरी माझ्याच नावानं.