अकरा अंश डावीकडे

दादाचं चित्र डावीकडे पळतं, ही तक्रार मी तीन महिने ऐकली आणि तीन महिने भलत्याच वस्तू दुरुस्त करत बसलो.

दादा माझा थोरला भाऊ. अकोल्यात राहतो आणि शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. व्हॅन स्वतःची, मुलं चौदा, सकाळी नेणं आणि दुपारी आणणं. मी अमरावतीला राजापेठेत अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेतो, विषय फिजिक्स. आम्हा दोघांना लहानपणापासून विमानांचं वेड, आणि विमानात पाय दोघांनीही ठेवलेला नाही. ती हौस मी घरच्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटरमध्ये भागवतो. दिवाळीत दादाच्या मुलाचा जुना कॉम्प्युटर रिकामा झाला, तेव्हा त्याच्यावरही मी सगळं बसवून दिलं. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी मी अकोल्याला जायचो आणि आम्ही दिवसभर विमान उडवायचो.

माउस सरकवून इकडेतिकडे बघायचं, हे मात्र दादाला पटेना. "पाहाले हात काहून लागते?" असं त्याचं म्हणणं. म्हणून मी त्याच्यासाठी हेड ट्रॅकर आणला. मॉनिटरवर एक छोटा कॅमेरा बसतो आणि टोपीला तीन बारीक दिव्यांची क्लिप लागते. तुम्ही मान जरा वळवली की कॅमेऱ्याला ते कळतं आणि पडद्यावर तुम्ही विमानाच्या खिडकीतून बाहेर बघू लागता. दहा अंश मान वळली की नजर पार पंखापर्यंत जाते. पहिल्या दिवशी दादा टोपी घालून नुसता इकडेतिकडे बघत बसला. विमान धावपट्टीवरच उभं होतं. "आता समजलं आपण आत बसलो म्हणून," तो म्हणाला. मला फार बरं वाटलं होतं.

मग तक्रार सुरू झाली. समोर बघतोय तरी डावा पंख दिसतो. मी म्हणायचो, सरळ बस, समोर बघ, आणि बटण दाबून मध्य ठरवून द्यायचो. तो फोटोला बसल्यासारखा ताठ बसायचा. दोन मिनिटं ठीक, की पुन्हा चित्र डावीकडे. मी खिडकीतल्या उन्हाला दोष दिला आणि वहिनींकडून जाड चादर मागून खिडकीवर टाकली. मागच्या कपाटातली स्टीलची भांडी चमकतात म्हणून ती हलवायला लावली. "भाऊजी, तुमच्या इमानापायी माह्या घरात अंधार झाला," वहिनी म्हणाल्या. मी क्लिप बदलली. अमरावतीहून माझा कॅमेरा नेऊन लावून पाहिला. चित्र पळायचं ते पळायचंच.

मला अशा गोष्टींचा राग येतो. यंत्र माझ्याशी खोटं बोलतंय असं वाटलं की डोकं फिरतं. मी त्याच्यावर खेकसलो सुद्धा, की तू नीट बसतच नाहीस. त्यानं ऐकून घेतलं. मोठा भाऊ एवढं निमूट ऐकून घेतोय, याचंही मला काही वाटलं नाही.

शेवटी आकडे काढले. दादा सहज बसलेला असताना मान किती अंश वळलेली आहे ते सॉफ्टवेअर दाखवतं. अकरा अंश, डावीकडे. तासाभरानं पुन्हा पाहिलं तरी अकरा. मग मी फिजिक्सच्या मास्तरानं करावं तेच केलं. तारेची जाडी मोजायचा स्क्रू गेज मिटलेला असतानाही शून्य दाखवत नसेल तर ती शून्य त्रुटी. ती प्रत्येक मोजमापातून वजा करायची, हे मी दरवर्षी शिकवतो. मी सेटिंगमध्ये अकरा अंश वजा केले आणि त्याला 'दादा' नाव देऊन ठेवलं. धावपट्टी बरोबर नाकासमोर आली. त्या दिवशी त्यानं अकोल्याजवळच्या शिवणीच्या धावपट्टीवर विमान असं अलगद टेकवलं की मी टाळ्या वाजवल्या. तीच टोपी मी घातली तर मला समोर उजवा पंख दिसला, आणि आम्ही दोघं त्यावर हसलो. उतरताना तो नेहमी धावपट्टी उजव्या हाताला ठेवूनच फेरा घ्यायचा. डावीकडून घे म्हटलं तर काहीतरी कारण सांगायचा. तेही मी सवय म्हणून सोडून दिलं.

मार्चमध्ये उजळणी चालली होती. एका मुलीनं विचारलं, "सर, दोष यंत्रातच आहे, वस्तूत नाही, हे कशावरून ठरवायचं?" मी म्हणालो, यंत्र बदलून बघायचं. यंत्र बदललं तरी आकडा तोच आला, तर दोष यंत्रात नाही. बोलून झाल्यावर मला दादाची टोपी आठवली. कॅमेरा बदलला होता, क्लिप बदलली होती, ऊन झाकलं होतं. बदललं नव्हतं ते फक्त दादाचं डोकं. मान कायम डावीकडे आणि धावपट्टी कायम उजव्या हाताला, म्हणजे डाव्या डोळ्याचंच काहीतरी. वर्ग मी पंधरा मिनिटं आधी सोडला.

त्या रविवारी अकोल्याला गेलो आणि वहिनी आत असताना दादाला म्हणालो, उजवा डोळा हातानं झाक. त्यानं झाकला नाही.

"मले वाटलंच होतं तुले समजन म्हणून," तो म्हणाला.

काचबिंदू. डाव्या डोळ्यानं अगदी समोरचं थोडंफार अंधुक दिसतं, कडेचं काहीच नाही, आणि गेलेलं परत येत नाही. मान डावीकडे ठेवली की उजव्या डोळ्यावर भागतं. अकोल्यात कोणाला कळू नये म्हणून त्यानं अमरावतीच्या डॉक्टरला दाखवलं होतं. राजापेठेवरून गेला होता आणि माझ्या घरी आला नव्हता. हे ऐकून मला आधी काय वाटलं असेल, तर अपमान. लाज वाटते, पण आधी तेच वाटलं.

"आणि व्हॅन?" मी विचारलं.

"चालवून राहिलो ना. आजवर कोणाले खरचटलं काय? परीक्षा होऊ दे पोट्ट्यांच्या. एप्रिल झाला की बंद करतो. तवरीक कोणाले सांगू नको."

मी हो म्हणालो. थोरल्या भावानं एवढ्या वर्षांत माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं. पण मी भित्राही आहे, हे इथं लिहून ठेवतो. पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी सात वाजता, दादा व्हॅन काढत असेल त्या वेळी, माझ्या हातातला चहा तसाच राहायचा. राजापेठेच्या चौकात शाळेची एखादी व्हॅन दिसली की आतली डोकी मोजायचो. तीस-पस्तीस दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मनाला सांगायचो. मनाला ते पटत नव्हतं.

पुढच्या फेरीला मी मुद्दाम रविवारी रात्री अकोल्यात राहिलो. सोमवारी सकाळी दादानं अंगणात व्हॅन पुसली, चालू केली आणि फाटकापर्यंत आणली. तेवढ्यात त्याची नात युनिफॉर्म घालून बाहेर आली. पहिलीतली पोर, त्याच शाळेत जाते. ती व्हॅनजवळून तशीच पुढं गेली आणि आईच्या स्कूटीवर मागं बसली. स्कूटी निघून गेली.

मी वहिनींना विचारलं, "ही व्हॅननं जात नाही?"

"नाई. हेच म्हणाले, तिले व्हॅनमधी गरमी होते, सूनबाईच सोडन. वर्ष झालं त्याले."

मार्चचं ठीक आहे, पण डिसेंबरात कसली गरमी? मी दादाकडे पाहिलं. त्यानं ऐकलं होतं. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

मी फाटकात जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, सरक. मी म्हणालो, नाही. माझा आवाज चढला होता, शेजारचे बाहेर आले. "चौदा पोरं आहेत दादा. तुझी एक सोडून चौदा." त्यानं इंजिन बंद केलं. चावी मला दिली नाही, खिशात टाकली, आणि पायरीवर बसला.

मुलं आपापल्या दारात वाट बघत असणार, म्हणून मी फोन काढला. दादाला सगळे नंबर पाठ होते. तो एकेक सांगत गेला, मी लावत गेलो. पहिल्या घरी मी सांगितलं, व्हॅन बिघडली आहे, आज तुम्हीच सोडा. दुसऱ्या घरीही तेच सांगितलं. तिथल्या बाईंनी विचारलं, उद्या येईल ना? मी म्हणालो, बघू, काम मोठं आहे. तिसरा नंबर लागला आणि मी पुन्हा बिघाडाचं सुरू केलं, तेव्हा दादानं हात पुढं करून फोन माझ्या हातातून घेतला.

"गाडीले काही नाई झालं," तो म्हणाला. "माहा डावा डोळा गेला. वर्ष झालं. तुमच्या पोराले मी तसाच नेऊन राहिलो होतो."

पलीकडून एका बाईचा आवाज इतका चढला की मला दोन हातांवरून ऐकू येत होता. दादानं फोन कानापासून दूर केला नाही. त्या थांबेपर्यंत सगळं ऐकलं. मग फोन माझ्याकडे दिला आणि चौथा नंबर सांगितला.