न लागलेलं झाकण

नुन्झिओ मे महिन्यात गेला. सप्टेंबरात त्याच्या बायकोने, असुंताने, त्याने तळघरात केलेली शेवटची वाइन साखर, दालचिनी आणि लवंगा घालून उकळली, तिच्यात नाशपतीच्या फोडी शिजवल्या आणि सात बरण्या भरल्या.

बरणी गार होताना झाकण ‘टक्’ वाजलं, की ती हवाबंद झाली. दरवर्षी एक झाकण वाजायचंच नाही. ती बरणी टिकणार नाही म्हणून नुन्झिओ लगेच चमचा घेऊन बसायचा. काठावर पाक राहिला की झाकण नीट बसत नाही; काठ पुसायचं काम त्याचंच, त्यामुळे असुंता चाळीस वर्षं करवादली, “एक काम धड जमत नाही तुला!” तो पाक चाटत नुसता हसायचा.

यंदा काठ तिने पुसले. सातही झाकणं वाजली.

“आई, पहिल्यांदाच एकही फुकट गेली नाही!” लेक लिलियाना म्हणाली.

असुंताने हातातलं फडकं खाली ठेवलं. “लबाड कुठला! एक काठ मुद्दाम चिकट ठेवायचा गं तो.”

मग तिने एक झाकण सुरीने उचकटलं आणि बरणी त्याच्या खुर्चीसमोर ठेवली. आठवड्याने आतल्या फोडींवर बुरशी आली, तरी असुंताने कुणाला ती बरणी हलवू दिली नाही.