खुंटाला बांधलेली होडी

आधीच सांगून टाकतो. भूत, चकवा, हडळ यातलं काहीही मला आजवर दिसलेलं नाही. दिसलं असतं तर मी आधी त्याचं नाव, गाव, वय विचारून जबाब लिहून घेतला असता... सरकारी कारकुनाची खोड, दुसरं काय! या पानावरचे पैंजणांचे आणि पांढऱ्या साड्यांचे किस्से वाचून मी खुशाल हसतो. पण ही गोष्ट माझ्याच हस्ताक्षरात सरकारी कागदावर उतरलेली आहे. तिला हसायचं कसं, हे मला अजून जमलेलं नाही.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. मी वसईच्या मामलेदार कचेरीत नवा नवा कारकून. घर सांडोरला, केळीची वाडी. वाडी शिंपायची सोडून पोरगा खुर्ची गरम करतोय, म्हणून वडील कायम घुश्शात.

पाचूबंदरला बस्त्याव नावाचा ख्रिस्ती कोळ्याचा मुलगा होता, पंचविशीतला. सुतारकाम करायचा. लढाईच्या दिवसांत मुंबईच्या गोदीत असताना त्याने गोऱ्या सोल्जरांची एक होडी पाहिली होती — एकाच माणसापुरती, लांबट, आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या एकाच वल्ह्याने चालवायची. हल्ली रिसॉर्टवाले कयाक म्हणतात ना, तीच. गावी परतल्यावर त्याने बांबूच्या कामट्या आणि डांबर फासलेली ताडपत्री घेऊन तशीच एक बनवली. गावाने तिचं नाव ठेवलं 'शेंग'. "शेवग्याच्या शेंगंत बसून कुठं निघालास रं?" म्हणून बायका चिडवायच्या. तो हसायचा आणि रोज सकाळी खाडी ओलांडून उत्तनला कामाला जायचा.

एक दिवस सकाळी दहाच्या सुमारास शेंग खाडीच्या मध्यावर, जाळी लावण्यासाठी ठोकलेल्या एका खुंटाला बांधलेली दिसली. आत बस्त्याव नाही. वल्हं नीट आडवं ठेवलेलं, होडी आतून कोरडी ठणठणीत. दुपारी ओहोटी लागल्यावर त्याचं प्रेत काठच्या तिवरांच्या झाडीत सापडलं. अंगावर साधा ओरखडाही नव्हता. डॉक्टर म्हणाले, बुडून मेला. आता कोळ्याचा पोर, भर उजेडात, वारा नसताना बुडतो कसा?

चौकशी मामलेदारांकडे आली; त्यांना सगळे रावसाहेब म्हणायचे. फौजदारांचं मत पहिल्या तासातच तयार होतं. "रावसाहेब, महिन्यापूर्वी याची सोयरीक मोडलीय. आणि तोल जाऊन पडलेला माणूस पडायच्या आधी होडी बांधून ठेवतो का? बांधली म्हणजे स्वतःहून उतरला. आत्महत्या आहे ही, सरळ सरळ."

बोलणं बिनतोड होतं. पण त्या एका शब्दावर फार मोठी गोष्ट अडली होती. चर्चच्या फादरांचा निरोप आला होता की, आत्महत्या ठरली तर सिमेतरीत, म्हणजे चर्चच्या पवित्र मातीत, जागा मिळणार नाही. कुंपणाबाहेर पुरावं लागेल. आणि प्रेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या पलीकडे ठेवता येणार नव्हतं.

बस्त्यावची आई रेजीनाबाय प्रेत सापडल्यापासून कचेरीच्या पायरीवर बसून होती. तिचा नवरा पास्कू आठ वर्षांपूर्वी याच खाडीत गेला होता. त्याचं प्रेत कधी मिळालंच नाही. "नवऱ्याला माती नाय मिलाली," येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, "पोराला तरी मिलू द्या." माझ्याने तिच्याकडे बघवत नव्हतं. मी आपला मागच्या दाराने ये-जा करत होतो.

आमचे मामलेदार सोलापूरकडचे. समुद्र पाहिला तोच मुळी बदली झाल्यावर. पण माणूस चौकस! त्यांनी खुंटाचा वरचा तुकडा गाठीसकट करवतीने कापून आणवला आणि टेबलावर ठेवला. ज्याचा खुंट तो म्हातारा इंत्रू बोंब मारतच आला, "गाठ सोडायची तर खुंट कापला! उद्या नांगराला गाठ बसली तर होडी कापाल काय?" पण टेबलाशी येताच खुंटाचं विसरला. गाठ उलटसुलट करून बघत राहिला.

"ही बस्त्यावची नाय," तो म्हणाला.

मग कळलं की कोळीवाड्यात दोर बांधायची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. अंधारात हात लावला तरी होडी कुणाची ते सांगतात. रावसाहेबांचे डोळे असे चमकले की काय सांगू! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बंदरावरचे झाडून सगळे पुरुष बोलावले आणि प्रत्येकाला बाकाच्या पायाला दोर बांधायला लावलं. मी एकेकाचं नाव लिहितोय, फौजदार कपाळाला हात लावून बसलेत आणि कोळी एकमेकांची टर उडवतायत, "ह्याची गाठ बघा, बायकोनं शिकवलेली!" मरणाची चौकशी आहे हे घटकाभर सगळे विसरले. मीसुद्धा. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती, आणि त्याची आज लाज वाटते.

टेबलावरच्या गाठीसारखी गाठ एकाचीही निघाली नाही.

इंत्रूने आणखी एक गोष्ट दाखवली. "साहेब, होडी खुंटाच्या ह्या अंगाला होती. गाठ ओढलीय त्या अंगानं. बांधनारा होडीत नव्हता, पल्याड होता."

"पलीकडे काय आहे?" रावसाहेबांनी विचारलं.

"पानी. भरतीला दोन पुरुष खोल."

"म्हणजे तो पोहत होता," फौजदार म्हणाले.

"त्या ओढीत पोवायला दोन्ही हात लागतात, साहेब. मग गाठ कशानं मारनार?"

शेवटी जबाबासाठी रेजीनाबायला आत बोलावलं. ती टेबलाजवळ आली आणि गाठीवर बोट फिरवत एका वेढ्यावर थांबली.

"ही पास्कूची."

फौजदार हसले. "अहो बाई, पास्कू मरून आठ वर्षं झाली."

"ते तुम्ही मला सांगता? बायको मी त्याची!"

पास्कूची उजव्या हाताची दोन बोटं नांगराच्या दोरात सापडून तुटली होती. तेव्हापासून तो अर्धी गाठ दातांनी ओढायचा, म्हणून तिला एक वेढा जास्त पडायचा. रेजीनाबाय म्हणाली, "माझ्या माळ्यावर जाऊन बघा. परेत मिललं नाय म्हनून त्यानं बांधलेलं मी काय पन सोडलं नाय."

दोन पंच घेऊन मीच गेलो. माळ्यावर जुन्या जाळ्याचं गाठोडं होतं, आठ वर्षांच्या धुळीसकट. ते तसंच आणून टेबलावर ठेवलं. वेढा न् वेढा तोच.

"मुलगा बापाकडून शिकला असेल!" फौजदार काही ऐकेनात. आणि तो मुद्दा चुकीचा नव्हता. पण इंत्रू आणि आणखी चौघांनी शपथेवर सांगितलं, बस्त्यावला ती गाठ कधी जमली नाही. पैजा लावून हरायचा, आणि बाप पोट धरून हसायचा.

रावसाहेबांनी दोन्ही गाठी बाजूला सारल्या आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "लिहा. होडी अज्ञात इसमाने बांधली. मयताने बांधल्याचा पुरावा नाही. सबब आत्महत्या सिद्ध होत नाही. मृत्यू अपघाती."

"अज्ञात इसम?" मी विचारलं. "बाईने तर नाव सांगितलंय."

"तिच्या जबाबात तिने सांगितलेलं नाव लिहा. माझ्या निकालात मी सांगतोय ते."

शाई वाळेपर्यंत थांबायलाही वेळ नव्हता. सायकल मारत कागद मीच फादरांकडे पोचवला. संध्याकाळी बस्त्यावला सिमेतरीत, आत, माती मिळाली. सगळं पाचूबंदर लोटलं होतं. मी फाटकापाशी टोपी काढून उभा होतो. काम फत्ते झालं म्हणून मनातून खूश होतो, खोटं कशाला बोलू.

माणसं पांगल्यावर रेजीनाबाय माझ्याकडे आली. मला वाटलं, आभार मानेल. तिने माझा हात धरला, घट्ट.

"भाऊसाहेब, तुम्ही शिकलेले. एक सांगा मला. बाप आला, खुंटापातुर आला... मंग होडीच कशाला बांधत बसला तो? पोराचा हात का नाय धरला?"

मग तिने माझा हात सोडला आणि ती गेली.

नोकरीत पुढे मी ढिगाने चौकश्या लिहिल्या. या एकीचं स्पष्टीकरण मात्र मला आजही देता येत नाही. गाठ कुणी बांधली ते सोडाच, मी तिच्या त्या प्रश्नापाशीच अडलोय. बस्त्यावने गुपचूप गाठ शिकून घेतली असेल, इंत्रू खोटं बोलला असेल, सगळं मी धरून बघितलं. यातलं एखादं खरं निघालं तर बरं, असंही वाटतं, कारण मग त्या बाईचा प्रश्न तरी मिटेल. ती जाऊन आता खूप वर्षं झाली. तुमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं तर मला जरूर कळवा.