धुतलेलं खापर

पडदा वर जातो. आयर्लंडमधल्या किलकेनी शहराबाहेरचं ओलं कुरण, मधोमध दोरी लावून आखलेला चौकोनी खड्डा, आणि खड्ड्यात गुडघे टेकून बसलेले आमचे शेजारी उपेंद्र. वय पन्नाशीचं. लिक्सलिप गावातल्या संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. तिथे नखशिखांत पांढरा पोशाख चढवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. धुळीचा एक कण म्हणजे शत्रू. असा माणूस हौसेने विद्यापीठात पुरातत्त्व शिकायला गेला, म्हणजे थेट शत्रूकडेच शिकवणी लावली.

उन्हाळी उत्खननात पास झालं तरच पुढच्या वर्षात प्रवेश मिळणार होता. नशीब असं की त्यांनाच कांस्ययुगातल्या मडक्याची दोन खापरं सापडली. आतून काळीकुट्ट. उपेंद्रनी त्यातलं एक बादलीत बुडवून, ब्रशने घासून असं लख्ख केलं की कारखान्यात शाबासकीच मिळाली असती. दुसरं उचललं, तेवढ्यात चहाची हाक आली. आयर्लंडमध्ये चहापुढे कांस्ययुगालाही थांबावं लागतं. उपेंद्र कुरकुरत उठले.

परतले तेव्हा प्राध्यापिका ग्रोन्या ते धुतलेलं खापर हातात घेऊन उभ्या होत्या. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. उपेंद्रनी जरा अभिमानानेच हात वर केला. मग कळलं, तो काळा थर म्हणजे हजारो वर्षांपूर्वी करपलेलं जेवण होतं. मडक्यात काय शिजलं, हे त्यावरूनच समजणार होतं.

"तुझ्यामुळे ते लोक आज उपाशी राहिले," ग्रोन्या शांतपणे म्हणाल्या.

आमच्या नाटक कंपनीतल्या कपडेवाल्याने एकदा भिकाऱ्याचा कोट धुऊन, कडक इस्त्री करून आणला होता. इतक्या प्रेमाने केलेल्या कामावर रागवायचं तरी कसं?

ग्रोन्यांचंही तसंच झालं असावं. दुसरं खापर चहाने वाचवलं होतं. त्यांनी उपेंद्रना काढलं नाही; फक्त बादली आणि ब्रशला हात लावायला मनाई केली. प्रवेश टिकला.

ही हकिगत उपेंद्र आपल्या स्वयंपाकघरात सांगत होते, मी चहा घेत ऐकत होते. त्यांच्या बायकोने, पद्मजाने, पुरतं ऐकून घेतलं आणि करपलेलं दुधाचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं. अहो, तेवढं घासून टाका, म्हणाली.

उपेंद्रनी पातेलं उजेडात धरून आत नीट पाहिलं आणि अलगद खाली ठेवलं.

"विद्यापीठाची बंदी आहे, पद्मजा."