बोचकेवाली उठत नाही

घोषणाबाईंना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नाही. उभी हयात बसस्थानकात गेली, त्यातली बरीचशी काचेच्या खोलीत. अमुक गाडी तमुक फलाटावर लागत आहे, प्रवाशांनी धावू नये, गाडी तुम्हाला सोडून जाणार नाही, असं त्या दिवसभर सांगायच्या. शेवटचं वाक्य कागदावर नसायचं, ते त्यांच्या पदरचं. आईचा हात सुटलेली पोरं रडत रडत त्या आवाजाच्या दिशेनं चालत यायची. देवानं रूप बेताचं दिलं पण आवाज देताना हात आखडता घेतला नाही, असं त्यांची सासू म्हणायची. सासूनं केलेलं ते एकमेव कौतुक, म्हणून बाईंनी ते जपून ठेवलं होतं.

एकदा गाडी बंद पडली होती. वरिष्ठ म्हणाले, "वेळेवर सुटेल असं सांगा, उगाच लोक गोंधळ घालतात." बाईंनी माईक जवळ ओढला आणि शांतपणे सांगितलं, "गाडी बंद पडली आहे. केव्हा सुटेल ते मला ठाऊक नाही. वेळेवर सुटेल असं सांगायला मला सांगण्यात आलं आहे, ते मी सांगणार नाही." झालं! त्यांची रवानगी हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर झाली. तिथं बसून त्या विसरलेल्या छत्र्यांनाही दटावायच्या, असं त्यांचे यजमान सांगतात. पण यजमानांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं.

त्याच खिडकीशी त्यांना गेमवाला भेटला. विसरलेली पिशवी न्यायला आला होता. "आत काय होतं ते आधी सांगा," बाई म्हणाल्या. "न सांगता मिळायची नाही, तुम्ही राजे असलात तरी." तो पिशवी विसरून त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिला.

हा गृहस्थ संगणकावर खेळायच्या गोष्टी बनवायचा. खेळणारा त्यात वाटसरू होतो, गावोगाव हिंडतो, राक्षसांशी लढतो. त्याच्या सोबतीला त्यानं एक म्हातारी दिली, पाठीवर बोचकं घेतलेली. वाटसरूला जखम झाली की ती लेप लावायची, वाट चुकली की कुरकुरायची, नुसता उभा राहिला की म्हणायची, "पायांना मुळं फुटली का रे?" पण तिची एक खोड होती. वाटसरूनं कुणा गरिबाच्या घरातून काही उचललं, की ती बोचकं धपकन खाली ठेवायची आणि त्याला टेकून बसायची. वस्तू जागेवर जाईपर्यंत उठायची नाही. तलवार दाखवा, नाही तर पाया पडा. बोचकेवाली ढिम्म.

तिचा आवाज घोषणाबाईंचा. पण नुसतं कागद धरून बोलणं त्यांना जमेना. "पाठीवर ओझं असलेली बाई अशी बोलत नाही," म्हणत त्यांनी घरून जुन्या लुगड्यांचं बोचकं बांधून आणलं, मध्ये वजनाला पाट्याचा वरवंटा. ते पाठीवर घेऊनच त्या माईकपुढे उभ्या राहायच्या, आणि म्हातारी बोचकं ठेवायची तेव्हा खरोखर धपकन ठेवायच्या. आवाज टिपणारा ध्वनिवाला पलीकडच्या काचेतून अंगठा दाखवायचा. एकदा वरवंटा त्यांच्या पायावर पडला. तेव्हा तोंडातून जे निघालं तेही गेममध्ये गेलं, आणि म्हणे लोकांना तेच सगळ्यात आवडलं.

तो गेम खेळत एक पिढी मोठी झाली. आता इतक्या वर्षांनी त्याचा दुसरा भाग निघायचा होता. जुना गेमवाला कंपनी विकून मोकळा झाला होता, गादीवर नवे साहेब होते. खेळणाऱ्यांनी एकच धोशा लावला: बोचकेवाली हवी. साहेबांनी बाईंना बोलावणं धाडलं.

बाई हरखल्या. बोचकं पुन्हा बांधलं, वरवंटा घातला.

"अगं, या वयात वरवंटा?" यजमान म्हणाले. "लुगड्यांवर भागव की."

"ती म्हातारी झाली तर तिचं ओझं कमी झालं का? माझं झालंय?"

यजमानांनी वर्तमानपत्र वर केलं.

स्टुडिओत ध्वनिवाला तोच होता, फक्त केस पिकलेले. "मावशी, आलात! आता गेम जिवंत झाला बघा." सकाळ झकास गेली. कुरकुर झाली, लेप झाला, चिखलात पाय रुतल्याचं कण्हणं झालं. मग एक पान आलं. वाटसरू आंधळीच्या झोपडीतून दिवा उचलतो, आणि बोचकेवाली म्हणते, "जशी तुझी मर्जी, बाळा."

बाईंनी पान उलटंपालटं केलं. "आणि बसते कुठं?"

"बसत नाही आता," साहेब काचेपलीकडून म्हणाले. साहेब तरणेबांड, बोलणं लोण्यासारखं. "आम्ही खेळणाऱ्यांना विचारून पाहिलं, मॅडम. ती बसली की त्यांचा रस जातो. माणूस दमूनभागून खेळायला येतो, त्याला अडवायचं कशाला? ती परत आलीय हेच महत्त्वाचं. तोच चेहरा, तोच आवाज."

"चेहरा आणि आवाजच परत आलाय. ती कुठं आलीय?"

"मॅडम, एक वाक्य आहे हो."

"गाडी वेळेवर सुटेल हेसुद्धा एकच वाक्य होतं."

साहेबांना काही उमगलं नाही. त्यांनी ध्वनिवाल्याकडे पाहिलं, ध्वनिवाल्यानं छताकडे.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "ज्या तोंडानं मी सकाळी देवाचं नाव घेते, त्याच तोंडानं आंधळीचा दिवा चोरणाऱ्याला बाळा म्हणू? तुम्हाला होयबा हवी असेल तर तिला दुसरं नाव द्या, दुसरं तोंड द्या. बोचकेवाली म्हणून तिला खपवू नका."

"मग आम्हाला दुसरी बाई बघावी लागेल. किंवा जुन्या आवाजातून शब्द जोडून घेऊ, तोही मार्ग आहे."

"शोधा. जुन्या आवाजात 'जशी तुझी मर्जी' असं कुठं सापडलं, तर मलाही ऐकवा."

एवढं बोलून त्यांनी बोचकं धपकन खाली ठेवलं, अगदी माईकपुढे, आणि चप्पल पायात सरकवली.

"मावशी, बोचकं राहिलं," ध्वनिवाला म्हणाला.

"राहू दे. ते पान जाईल तेव्हा ते उठेल."

घरी सुनेनं सगळं ऐकून घेतलं. ती लहानपणी तो गेम खेळलेली. लग्न ठरलं तेव्हा, सासूचा आवाज ऐकूनच हो म्हटलं, असं ती चारचौघांत सांगते. तरी आज तिनं बाजू घेतली नाही. "आई, एवढं ताणू नका. तुम्ही नाही म्हटलंत तर दुसरी कुणी म्हणेल. बोचकेवाली तुमच्याशिवायच येईल. ते चालेल तुम्हाला?"

हे मात्र लागलं. बाई शेंगा सोलत राहिल्या. दुसऱ्या कुणाच्या गोड आवाजात ती म्हातारी चोरामागून निमूट चालतेय, हे चित्र काही डोळ्यांपुढून हलेना. आपण जाऊन ते वाक्य रुक्षपणे म्हणून टाकावं, निदान आवाज तरी तिचा राहील, असंही मनात येऊन गेलं. देवापुढे बसल्या, तिथंही कौल मिळेना. देव नेहमीसारखा हसतमुख.

"काय ठरलं?" यजमानांनी विचारलं.

"नाही म्हणजे नाही. ती माझ्याशिवाय येणार असेल तर येऊ दे. माझ्या तोंडून वाकून येणार नाही."

"तुझ्या तोंडून आजवर काही वाकून आलंय होय?" यजमान म्हणाले, आणि स्वतः उठून चहा ठेवला. त्यांच्या परीनं हा पाठिंबाच होता.

बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका दुपारी बाई कपड्यांच्या घड्या घालत असताना ध्वनिवाल्याचा फोन आला. हसू दाबून दाबून त्याचा आवाज चिरकत होता.

"मावशी, इकडे पाहुणे बसलेत. दुकानांत गेम पोचवणारी मंडळी. साहेब त्यांना खेळून दाखवत होते. दिवा उचलला, आणि..."

"आणि काय?"

"ती बसली!"

झालं होतं असं: घाईत या लोकांनी दुसरा भाग जुन्याच्याच डोक्यावर उभा केला होता, पाया न बघता वर मजला चढवावा तसा. वाटसरूनं काही उचललं की बोचकेवालीनं आपलं वाक्य म्हणायचं आणि मग चालायला लागायचं. नवी बाई अजून मिळाली नव्हती, जुन्या आवाजातून ते शब्दही जुळले नव्हते, वाक्याची जागा कोरी होती. वाक्यच नाही म्हटल्यावर म्हातारीनं खाली गाडलेली जुनीच आज्ञा पाळली. बोचकं ठेवलं आणि बसली.

"आता कशीच उठत नाही, मावशी. साहेबांची सगळी बटणं दाबून झाली. पाहुणे हसून हसून लोळतायत. घ्या, साहेब बोलतायत."

"मॅडम," साहेबांच्या आवाजातलं लोणी पार आटलं होतं, "हिला उठवायचं कसं?"

"काय उचललंत?"

"दिवा."

"कुणाचा?"

"त्या आंधळीचा. पण मॅडम, हा गेम आहे!"

"मग ठेवा की परत. गेमच आहे."

पलीकडे एक बटण वाजलं, आणखी एक वाजलं. आणि फोनमधून बाईंना आपलाच आवाज ऐकू आला, कितीतरी वर्षांपूर्वीचा, पाठीवर ओझं घेतलेला: "हं. चल आता, ऊन चढलंय." मागून कुणी पाहुणा ओरडला, "अरे, हीच! हीच ती!" आणि टाळ्या पडल्या.

बाईंच्या हातातली घडी विसकटली. पण आवाज त्यांनी हलू दिला नाही.

"मॅडम," जरा वेळानं साहेब म्हणाले, "उद्या येऊ शकाल? बसतानाचं एखादं नवं वाक्य..."

"ते पान आधी फाडा. फाडल्याचं मला ध्वनिवाल्यानं सांगायचं, तुम्ही नाही. मग येते."

"आणखी काही?"

"बोचकं कुणी हलवलं का?"

"नाही," साहेब ओशाळून म्हणाले. "वळसा घालूनच जातोय सगळे."

"राहू दे तसंच. माझं मी उचलेन."