कटरे सरांचा बॉल फोर

कटरे सर होम प्लेटवरची धूळ बुटाने झाडायचे आणि तिथेच बाजूला तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पिचकारी मारायचे. त्यांची आठवण निघाली की मला आधी तो तांबूस डाग दिसतो, मग सर.

तिरोड्याच्या एका शाळेत ते पी.टी. शिकवायचे. तालुक्यात सॉफ्टबॉलची मॅच कुठेही असो, पंच तेच. बॉल आणि स्ट्राइक मोजायचं छोटं यंत्र पंचाच्या हातात असतं; सरांचं गळ्यात शिट्टीसोबत लोंबकळायचं, कारण दोन्ही हात प्लास्टिकच्या पन्नीवर खर्रा घोटण्यात गुंतलेले. मोजणी सगळी तोंडी, आणि हमखास चुकणारी. कोणी हटकलं की म्हणायचे, "पंच बोलला, बात खतम!" हरलेल्या संघाला ते स्वतःच्या खिशातून पोहे खिलवायचे, खोटं कशाला सांगू? पण ते पोहे माझ्या घशाखाली कधी उतरले नाहीत.

दोन हजार चार-पाचचं साल असेल. तालुक्याची फायनल. आम्ही एका रनाने मागे, शेवटची पाळी, दोघी बाद; तिसरी गेली की मॅच संपली. तिन्ही बेसवर आमच्या मुली, तिसऱ्यावर दरेकसा गावची सुमन. जिल्ह्याला खेळायला मिळालं तर दहावीनंतरही शिकवतो, असं तिच्या बापाने कबूल केलं होतं. नाहीतर शाळा बंद. बॅट माझ्या हातात होती.

पिचरने बॉल बाहेर टाकला. सर खर्रा घोटता घोटता ओरडले, "बॉल फोर! चाल!" चार बॉल, म्हणजे पिचरचे बाहेर गेलेले चार चेंडू, झाले की बॅटरला पहिला बेस फुकट मिळतो आणि भरलेल्या बेसवरच्या साऱ्या एकेक घर पुढे सरकतात. मी बॅट टाकून निघाले. सुमन हसत हसत, चालत रन पुरा करायला होमकडे आली.

तेवढ्यात समोरच्या संघाचे सर ओरडले, "तीनच झाले, तीनच!" कॅचरने हातातला बॉल बेस सोडून आलेल्या सुमनच्या खांद्याला लावला. कटरे सरांनी गळ्यातल्या यंत्राकडे पाहिलं, जणू ते काही सांगणार होतं. मग म्हणाले, "हो, तीनच. आऊट!"

"सर, तुमीच त बॉल फोर म्हणलं," सुमन म्हणाली.

"मी म्हणलो म्हणून तू काऊन चालली? तुले गिनता येत नाही का?"

आमच्या संघाच्या मॅडम धावत आल्या. "सर, चूक तुमची आहे. तिला परत बेसवर पाठवा. नियमच आहे तसा."

"नियम मले नोका शिकवू, मॅडम. पंच बोलला, बात खतम!"

पोहे आले. सुमनने प्लेटला हात लावला नाही. दहावी झाल्यावर ती मजुरीवर तेंदूपत्ता तोडायला जाऊ लागली.

पुढे मीही पी.टी.ची शिक्षिका झाले. सर वारले तेव्हा मी शोकसभेला गेले होते. एकजण गहिवरून म्हणाला, "सरांचा शब्द म्हणजे शब्द होता!" मी उठून बाहेर आले.

आज माझ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी बजावते, "पंच काहीही ओरडो, बॉल पिचरच्या हातात परत जाईपर्यंत बेसवरचा पाय काढायचा नाही." मोठ्या माणसाच्या शब्दावर विसंबू नका, हे बारा वर्षांच्या पोरींना शिकवताना माझीच मला किळस येते. तरी शिकवते. गेल्या मोसमात एका पंचाने चुकून बॉल फोर दिला, आणि माझी एकही मुलगी जागची हलली नाही.

पंच हसून म्हणाला, "मॅडम, पोरी लय संशयी आहेत तुमच्या."

मला हसू आलं नाही.