चौदा नंबरचं वर्तुळ

समाजशास्त्र हा विषय मी बसच्या वेळेमुळे घेतला. उमरेडहून सकाळची पहिली एस.टी. नागपूरला पोचायची, तिथून मी चालत कॉलेजात यायचे, तोवर मराठीचा तास निम्मा संपलेला असे. इतिहासाच्या तासाला थांबलं तर परतीची बस चुकायची. दोन्हींच्या मध्ये बसत होतं ते समाजशास्त्र. फॉर्म घेणाऱ्या बाबूने विचारलं, "आवड आहे का या विषयाची?" मी "हो" म्हटलं. तो विषय कशाशी खातात हेही मला ठाऊक नव्हतं.

ही अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट. आमच्या घरी दोन हातमाग होते. बाबा साड्या विणत, आई सुताच्या कांड्या भरी, आणि काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवून देणं हे लहानपणापासून माझ्याकडे होतं. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबांना त्याचं भारी अप्रूप, आईला धास्ती. पहिल्या दिवशी डबा हातात देताना ती म्हणाली, "कोणाच्याबी संग जेवाले बसू नको. पहिले पाहून घे, कोण हाय ते."

मी कोणाच्याच संग बसले नाही. ग्रंथालयाच्या मागे चार पायऱ्या होत्या, तिथे एकटी जेवत असे.

वर्गात आम्ही एक्केचाळीस जण होतो, त्यात मुली बारा. पुढच्या दोन बाकांवर धरमपेठेच्या मुली. सायकलवरून घोळक्याने येत, घोळक्याने जात आणि 'मला-तुला' असं स्वच्छ बोलत. आमच्या घरात 'मले-तुले'. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी 'मला, तुला, त्याला' घोकायचे. पण वर्गात ते वापरायची पाळी क्वचितच येई, कारण माझ्याशी बोलायला कोणी येतच नसे.

एक सोडून. तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतली एक मुलगी बसायची. वडील कापडगिरणीत कामाला. छप्पन साली तिच्या आईवडिलांनी इथेच धम्मदीक्षा घेतली होती. हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, जसा आपण आपला पत्ता सांगतो तसं. मला यायला उशीर झाला की ती आपली पिशवी ठेवून माझी जागा धरून ठेवी.

"काहून लेट झाली वं? बस भेटली नाही का?"

"हो, जरा उशीर झाला," मी म्हणे.

ती हसायची. "पुस्तकावानी बोलते तू."

दोन-तीनदा तिने डबा उघडून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. "घे न." मी म्हटलं, पोट भरलंय. आणि उठून पायऱ्यांवर जाऊन माझा डबा खाल्ला. तिला ते कळत असणार. तिने कधी विचारलं नाही.

आम्हांला शिकवणारे सर त्याच वर्षी अमरावतीकडून आले होते. तिशीतले, सीताबर्डीवर एका खोलीत राहणारे, खानावळीत जेवणारे. पहिल्या सत्रात त्यांनी समूह शिकवला. म्हणाले, "समूह म्हणजे गर्दी नव्हे. स्टँडवर बसची वाट पाहणारी शंभर माणसं हा समूह होत नाही. त्यांतला एक आला नाही तर उरलेल्या नव्व्याण्णवांना पत्ताही लागत नाही. घर, खेळगडी, शेजार हे प्राथमिक समूह. तिथे तुम्ही नसलात तर जागा रिकामी दिसते." मी हे वहीत उतरवून घेतलं. रोज संध्याकाळी मी त्या शंभरांत उभी असे, म्हणून ते उदाहरण पाठ करावं लागलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर रामटेकची सहल ठरली. एके दिवशी सरांनी सगळ्यांना कागदाचा एकेक चिटोरा दिला. "सहलीच्या बसमध्ये तुमच्या शेजारी कोण बसलेलं आवडेल? पसंतीच्या क्रमाने तीन नावं लिहा. खाली स्वतःचं नाव. मी सोडून कोणी पाहणार नाही." या माहितीवरून एक आकृती काढता येते, तिला समाजालेख म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. प्रत्येकाला एक गुप्त नंबर द्यायचा, मुलींसाठी वर्तुळ, मुलांसाठी त्रिकोण, आणि ज्याने ज्याला निवडलं त्याच्याकडे एक बाण. कोण सगळ्यांना हवासा, कोणाचे गट, कोण एकटा, सगळं एका कागदावर दिसतं.

मी फार विचार केला नाही. पुढच्या बाकांवरच्या तिघींची नावं लिहिली. त्यांतल्या पहिलीने एकदा माझी वही मागून नेली होती आणि परत देताना "थँक्यू हं" म्हणाली होती. आमच्यात झालेलं तेवढंच बोलणं. शेजारी बसलेल्या मुलीचं नाव माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ती नावडती नव्हती मला. मी तिला मोजतच नव्हते.

दोन दिवसांनी सरांनी मला थांबवलं. माझ्या वहीतल्या आकृत्या त्यांनी पाहिल्या होत्या. "तुमचा हात चांगला आहे. समाजालेख मोठ्या कागदावर काढून द्याल? दुपारी एक तास मोकळा असतो ना तुम्हांला?"

विभागाच्या खोलीत एका मोठ्या टेबलावर पांढरा ताव पसरून मी कामाला लागले. सरांनी नुसत्या नंबरांची यादी दिली होती. कोण कोणता नंबर हे मला माहीत नव्हतं. काठाची नक्षी काढणाऱ्या मुलीला वर्तुळं आणि बाण काय अवघड! पहिल्या दिवशी फार मजा आली. नऊ नंबरच्या वर्तुळाकडे अकरा बाण गेले. ते कोण असेल ते सहज ओळखता आलं. काही त्रिकोणांचं आपापसांत घट्ट जाळं झालं. चौदा नंबरच्या वर्तुळाकडे मात्र एकच बाण आला, तोही बावीसकडून. आणि चौदाने निवडलेल्या तिघींपैकी एकीनेही उलटा बाण पाठवला नव्हता. मला तिची कीव आली. घरी गेल्यावर आईलाही सांगितलं, "आमच्या वर्गात एक पोरगी हाय, तिले कोणीच विचारत नाही."

"मग तू विचार," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सर मीटिंगला गेले होते. यादी पाहायला मी फाइल उघडली, तर यादीच्या मागे सगळे चिटोरे टाचून ठेवलेले. सर काढायला विसरले होते. मी फाइल मिटायला हवी होती. मी मिटली नाही. वरून सातवा कागद माझा होता. माझं अक्षर, माझी तीन नावं, आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलीने चौदा.

खोलीत कोणी नव्हतं. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी जोराने हसत चाललं होतं. मी ते कागद एकेक करून मागे टाकत गेले आणि बावीस शोधला. ते अक्षर मी रोज शेजारी पाहत होते. तिने एकच नाव लिहिलं होतं, माझं. पुढे दोन आणि तीन असे आकडे टाकून समोर आडव्या रेघा मारल्या होत्या.

मी फाइल होती तशी ठेवली आणि उरलेले बाण काढले. रेघा सरळ आल्या.

ज्या दिवशी तो ताव फळ्यावर लावला, त्या दिवशी वर्गाला भलताच उत्साह होता. सगळे आपापला नंबर ओळखू पाहत होते. मागून एक जण ओरडला, "सर, हे चौदा नंबर कोण बेचारी?" सगळे हसले. मीही हसले. सरांची नजर एक क्षण माझ्याकडे आली आणि लगेच वळली. "नंबरांमागची माणसं शोधायची नाहीत," ते म्हणाले.

मग नरखेडकडचा एक मुलगा उभा राहिला. एरवी कधी न बोलणारा. "सर, एक सांगू का? हा तं आमच्या गावाचाच नकाशा झाला. हे पाटलाची गल्ली, हा बाजार, अन् हे कोपऱ्यातले आमची वस्ती. गावात मध्ये नाला हाय, तेवढा येथं काढला नाही."

खरंच तसं होतं. त्या घट्ट जाळ्यांत कोण कोणाबरोबर आहे हे आता सगळ्यांनाच दिसायला लागलं. सर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. नाला काढायचा राहिला." त्यांनी ताव उतरवला, गुंडाळला आणि त्यानंतर तो पुन्हा कधी आणला नाही.

तास संपल्यावर त्यांनी मला बोलावलं. "चिटोरे फाइलमध्येच राहिले होते. पाहिले का तुम्ही?"

"नाही सर."

त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसला नव्हता. म्हणाले, "काम तुम्हांला मुद्दाम दिलं होतं. या खोलीत मुली येतात-जातात, कोणाशी बोलणं होईल असं वाटलं. चूक झाली माझी." मग ते म्हणाले, "मलाही इथे अजून कोणी ओळखत नाही." मी "येते सर" म्हटलं आणि निघाले.

सहलीची गाडी सकाळी सहाला सुटणार होती. उमरेडची पहिली बस त्यानंतर पोचणार. म्हणजे आदल्या रात्री नागपुरात कोणाकडे तरी राहायला हवं होतं. ही अडचण मी पुढच्या बाकावरच्या मुलींच्या कानांवर पडेल अशा बेताने बोलून दाखवली. "अगं, काहीतरी कर आणि ये ना नक्की!" त्यांतली एक म्हणाली आणि पुन्हा मैत्रिणींकडे वळली.

"आमच्या घरी राय न वं," माझी शेजारीण म्हणाली. "इंदोऱ्याहून सकाळी संगच निघू. माय काही म्हणत नाही."

तिने एकच नाव लिहिलं होतं हे मला माहीत होतं. तरी मी म्हटलं, "घरी विचारून सांगते."

मी घरी विचारलं नाही, तिला मात्र जमणार नाही असं सांगून टाकलं. आई नाही म्हणेल हे एक कारण होतं, आणि ते मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. खरं कारण दुसरं होतं. तिच्याकडे राहायला गेले असते तर मी तिसऱ्या बाकाची आहे हे कायमचं ठरून गेलं असतं. पुढे सरांनी 'संदर्भ समूह' शिकवला. माणूस ज्या समूहात नसतो, पण ज्याच्या डोळ्यांनी स्वतःला पाहत राहतो, तो त्याचा संदर्भ समूह. वर्गात कोणी तरी उदाहरण विचारलं. मी खाली मान घालून बसले.

सहल रविवारी झाली. सोमवारी मी तिला विचारलं, "कशी झाली सहल?"

"मी नाही गेली."

"का?"

"तू येणार नव्हती न." ती वही काढत होती. माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यानंतर ती माझी जागा धरून ठेवी, पण उशीर का झाला हे विचारीनाशी झाली.

उन्हाळ्यात निकाल लागला. दोघीही पास झालो. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं तेव्हा तिसऱ्या बाकावर मी एकटीच होते. आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी तास सोडून मी इंदोऱ्याला गेले. तिच्या वडिलांच्या गिरणीचं नाव आणि तिचं नाव एवढ्यावर विचारत विचारत घर सापडलं. दोन खोल्यांचं, दारात तुळतुळीत सारवलेलं अंगण, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर. तिची आई तांदूळ निवडत होती.

"तूच का वं उमरेडवाली?" मी काही सांगायच्या आत तिने ओळखलं. "ये, बस. लय सांगे तुह्याबद्दल."

मुलगी चंद्रपूरला नर्सिंगला गेली होती. कॉलेज सोडायचं म्हणून रडली का, असं मी विचारलं. "नाही वं. मोठ्या खुशीनं गेली." मग तिच्या आईने मला जेवायला वाढलं. वरण, भात, वर लोणचं. मी जेवले. परक्या कोणाच्या घरी असं पाट मांडून जेवायची माझी ती पहिलीच वेळ.

ती समोर बसून म्हणाली, "सहलीच्या वक्ती येणार होती न तू? नवी चादर काढून धुतली होती तिनं. मग काय झालं, घरून नाही म्हटलं का?"

"हो," मी म्हटलं. "घरून नाही म्हटलं."

"माय-बाप राह्यतेच तसे," ती म्हणाली आणि आणखी भात वाढला.

चंद्रपूरचा पत्ता घेऊन मी पत्र लिहिलं. सहलीबद्दल लिहिलं, चिटोऱ्याबद्दल लिहिलं, आईला मी विचारलंच नव्हतं हेही लिहिलं. महिन्याने तिचं उत्तर आलं. अंतर्देशीय पत्र, सगळीकडून भरलेलं. खोलीत आठ जणी राहतात, एक गोंदियाची रात्री झोपेत गाणी म्हणते, मेट्रनची नक्कल कोण कशी करते, रविवारी सगळ्या मिळून स्टोव्हवर भजी कशी तळतात. शेवटी उरलेल्या जागेत बारीक अक्षरात, 'तू त्या गोष्टीचा काही विचार नको करू. मी तं केव्हाची विसरली.'

ती खरंच विसरली असावी. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मला तिच्यासाठी बरं वाटलं. मग त्याच संध्याकाळी तिला पाच पानांचं उत्तर लिहिलं, दुसऱ्या दिवशी स्वतः डाकघरात जाऊन टाकलं. त्याला उत्तर आलं नाही. मी आणखी एक कार्ड पाठवलं. मग दिवाळीच्या सुमारास पाठवायचं सोडून दिलं.

बी.ए.ची उरलेली दोन वर्षं तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. जागा मोकळी आहे का, असं एक-दोघींनी कधी विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत त्या दुसरीकडे सरकत. पुढे मी याच विषयात एम.ए. केलं आणि तीस वर्षं तो शिकवला. सरांची बदली कधीच झाली होती. समूहाचा धडा मी दर वर्षी घेतला, समाजालेखाची व्याख्याही फळ्यावर लिहून दिली. वर्गाकडून तो काढून मात्र एकदाही घेतला नाही. मुलं विचारत, "मॅडम, करून पाहू ना." मी म्हणत असे, परीक्षेला व्याख्याच विचारतात.